‘थांब’ म्हणणारे सर

आमच्या सरांचं नाव निघालं की लोक आधी हसतात आणि मग बोलायला लागतात. तो ढगळ पिवळा रेनकोट. वर्गात शिरल्या शिरल्या सगळ्या खुर्च्या उचलून कॉरिडॉरमध्ये नेऊन ठेवणं. झूमवर चेहऱ्याऐवजी दिसणारं त्यांच्या खोलीचं छत. "असा माणूस पुन्हा होणे नाही" हे डच लोकांनाही त्यांच्या भाषेत म्हणता येतं आणि ते मनापासून म्हणतात. मी त्या घोळक्यात असले तर पाणी प्यायला उठते.

रागातसुद्धा मला त्यांना ‘तो’ म्हणता येत नाही. वर्गातले बाकीचे त्यांना पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारत. मला जमलं नाही. मी ‘सर’ म्हणायचे आणि ते दर वेळी मागे वळून बघायचे, जणू दुसरंच कुणी सर उभं आहे. "इथे कुणीही सर नाही," ते म्हणायचे. पण होते. सही त्यांच्या हातात होती.

ही सही काय भानगड आहे ते सांगते. मी पुण्यात मानसशास्त्र शिकले, लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्सटलव्हेनला आले, लायडनला मास्टर्स केलं आणि मग खेळाडूंची मानसशास्त्रज्ञ व्हायचं म्हणून त्यापुढच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला बसले. आठवड्यातून एक दिवस वर्ग. बाकीचे दिवस खरे खेळाडू, खऱ्या अडचणी. आणि प्रत्येक खेळाडूबद्दल आपल्या सुपरव्हायजरशी नियमित चर्चा करायची. तुम्ही काय बोललात, काय बोलला नाहीत, का? शेवटी सुपरव्हायजरने लिहून द्यायचं की ही बाई आता कुणाच्याही देखरेखीशिवाय काम करायला लायक आहे. त्याने लिहिलं नाही तर दोन वर्षं पाण्यात.

माझे सुपरव्हायजर हे सर. साठी ओलांडलेले, तरुणपणी रोइंग केलेले, खांदे अजून दाराएवढे. खुर्चीवर बसून माणूस खोटं बोलतो असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे आमची सगळी चर्चा सायकलवर. ते उइटहॉर्नला राहायचे. आम्ही तिथून निघायचो आणि आम्सटल नदीच्या काठाने जायचो. ते पुढे, मी मागे. समोरून वारा. मी मागून ओरडून एखाद्या टेनिसपटूच्या पॅनिक अटॅकबद्दल सांगायचे आणि ते मान न वळवता ओरडायचे, "मोठ्याने! मला ऐकू येत नाही असं तू काहीतरी बोललीस, म्हणजे तेच महत्त्वाचं असणार!" घरी येऊन हे सांगितलं की नवरा पोट धरून हसायचा. तेव्हा मीही हसत होते. ते कबूल करायला हवं.

लिखाणाचा त्यांना तिटकारा. माझा अहवाल पानापेक्षा मोठा झाला तर ते दुसरं पान न वाचता परत द्यायचे. "खेळाडू एका पानात मावत नसेल तर तुला तो कळलेला नाही." चर्चेची टिपणं काढलेलीही चालायची नाहीत. सायकलवर वही कुठे धरणार?

आणि ते स्टॉपवॉच. गळ्यात दोरीने अडकवलेलं, जुनं, काट्याचं. खेळाडू गप्प झाला की तुम्ही किती सेकंदांत तोंड उघडता हे ते मोजायचे. खेळाडूशी झालेल्या माझ्या पहिल्या भेटीचं रेकॉर्डिंग ऐकून त्यांनी आकडा सांगितला, चार. "चार सेकंद! तुमच्याकडे पाहुणा दारात उभा राहायच्या आधी ताटावर बसवतात वाटतं?" पुढे मी चाळीस सेकंदांवर गेले. त्यांचा सगळा धर्म एका शब्दात होता. थांब. खेळाडू रडतोय? थांब. खेळाडू खोटं बोलतोय? थांब. "थांबणं हेसुद्धा काम आहे. सगळ्यात अवघड काम."

मी शाळेपासून खो-खो खेळत होते हे त्यांना कळलं तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. पुढच्या तासाला वर्गातल्या खुर्च्या बाहेर गेल्याच होत्या, त्यांनी दहा-बारा उंच डच मंडळींना एकाआड एक तोंडं करून उकिडवं बसवलं आणि मला म्हणाले, "शिकव." कुणाच्या गुडघ्यात कळ, कुणी तोल जाऊन मागे. सर स्वतः ओळीत बसले, डोळे मिटून, पाठीवर कधी थाप पडते याची वाट बघत. "बघा," ते उठून म्हणाले, "अख्खा खेळ वाट बघण्यावर उभा आहे!" मी म्हटलं, "नाही सर. खेळ पळण्यावर आहे. बसतो तो पळण्यासाठी बसतो." त्यांनी ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि आवडलं नाही.

मग कोरोना आला. सगळ्या देशाची घडी विस्कटली, सरांची मात्र बसली. घराबाहेर, दोघंच, दीड मीटर अंतर. सरकारने जणू त्यांनाच विचारून नियम केला होता. आपल्या बागेतल्या टेबलावर त्यांनी एक मोडकं वल्हं आडवं ठेवलं. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, दोघंही उभे. "बरोबर दीड मीटर," ते म्हणायचे. "तुटलं तेव्हाच मला कळलं होतं की कधीतरी उपयोगी पडेल."

त्या सप्टेंबरात पुण्यात माझे बाबा गेले. आठ दिवस आधी खोकला, मग बेडसाठी फोनाफोनी, मग बेड मिळाला, मग फोनच बंद. मी इथे. विमान नाही, नेणारं कुणी नाही, आणि गेले असते तरी तोंड बघायला मिळालं नसतं. भावाने स्मशानाबाहेरून व्हिडिओ कॉल केला, त्यात मला त्याचा मास्क आणि एक भिंत दिसली. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. सर. भर पावसात उइटहॉर्नहून सायकल मारत आलेले. मी दारात, ते जिन्याच्या कठड्यापाशी. एक शब्द बोलले नाहीत. "वाईट झालं" नाही, "काळजी घे" नाही. तासभर उभे होते. मी रडले, थांबले, परत रडले. रेनकोटवरून पाणी गळून त्यांच्या पायाशी तळं साचलं. मग त्यांनी मान हलवली आणि गेले.

त्या वर्षात मला कितीतरी लोकांचे फोन आले. त्यातलं कुणी काय बोललं ते आज आठवत नाही. ते तासभराचं उभं राहणं आठवतं. हे लिहिलं नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. आणि हे लिहिल्याशिवाय पुढचं कळणारही नाही, कारण त्या दिवसापासून सर ‘थांब’ म्हणाले की मी थांबायला लागले.

त्या हिवाळ्यात माझ्याकडे एक मुलगी आली. सतरा वर्षांची, रोइंग करणारी. नाव सांगणार नाही, धंद्याचा नियम आहे. ती लाइटवेट गटात होती, म्हणजे ठरलेल्या वजनापेक्षा वर गेलं की बोटीतून बाहेर. क्लब बंद होता, म्हणून क्लबने रोइंगची मशिनं मुलामुलींच्या घरी पोचवली होती. कोच लॅपटॉपवरून सराव घ्यायचा. दर सोमवारी सकाळी सगळ्यांनी वजनकाटा कॅमेऱ्यासमोर ठेवायचा आणि एकेकाने त्यावर उभं राहायचं. बाकीचे बघायचे. हे तिने मला हसत सांगितलं. आमची भेट दर मंगळवारी चार वाजता, तीही लॅपटॉपवरच. घरात हीटर चालू असून तिच्या अंगावर दोन स्वेटर, आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी.

तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, "पाळी पाच महिने नाहीये. खरं तर सोयीचंच आहे." आणि परत हसली. मग बरगडीकडे हात नेऊन म्हणाली, "इथे श्वास घेताना टोचतं. पण कोचना नका सांगू. बोट जाईल."

त्याच बुधवारी मी सरांच्या मागे सायकल हाणत ओरडून हे सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा ते थांबले. सायकल टेकवली.

"तिने तुला काही करायला सांगितलं?"

"नाही. पण सर, ती सतरा वर्षांची आहे. तिच्या आईशी बोलायला हवं. निदान तिच्या हाउसआर्ट्सला, घरच्या डॉक्टरला तरी..."

"तिने विश्वासाने सांगितलं. तू आता धावत सुटलीस तर ती आयुष्यात पुन्हा कुणासमोर तोंड उघडणार नाही. तुला मदत करायची आहे की स्वतःची भीती घालवायची आहे?"

हा प्रश्न त्यांचा हुकमी होता. त्याला उत्तर नसतं.

"थांब," ते म्हणाले. "ती स्वतः येईल."

ती आली नाही. उलट पुढच्या मंगळवारपासून ती मिटत गेली. झोप बरी, खाणं बरं, सराव बरा. मी चाळीस चाळीस सेकंद थांबायचे, ती पन्नास थांबायची. मी सरांना दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा वल्ह्याच्या त्या टोकाला उभे राहून ते म्हणाले, "ती गप्प आहे म्हणजे आतमध्ये काम चालू आहे." घरी नवरा म्हणाला, "अगं, तुला पटत नाही ना? मग सांग तिच्या आईला." आणि मग लगेच, "पण सहीचं बघ हं. चार महिने राहिलेत." मी दोन्ही ऐकलं आणि सोयीचं तेवढं धरलं.

नवव्या आठवड्यात मशिनवर तिची बरगडी मोडली आणि ती खाली पडली. आई बाजूच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. हॉस्पिटलमध्ये कळलं की हाडं म्हातारीची झाली आहेत आणि हृदयाचे ठोके झोपलेल्या माणसापेक्षाही सावकाश पडताहेत. तिला तिथून थेट खाण्याच्या विकारांवरच्या क्लिनिकमध्ये हलवलं. ती तिथे पाच महिने होती.

तिच्या आईचा मला फोन आला. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला एकच विचारायचं आहे," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला.

चौकशी झाली. तीन जणांची समिती, अर्थात झूमवर. मी सगळं सांगितलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे तुम्ही सुपरव्हायजरच्या कानावर घातलंत?"

"तीनदा."

"कुठे नोंद आहे?"

नोंद नव्हती. एक पानी अहवालात ‘विश्वासाचं नातं तयार होत आहे’ असं वाक्य होतं, आणि ते सरांनी सांगितलेलं होतं. बाकी सगळं आम्सटलच्या वाऱ्यावर गेलेलं. बाईंनी सरांना विचारलं. पडद्यावर नेहमीचं छत, नेहमीचा दिवा. मला वाटलं, आता बोलतील. भर पावसात येऊन तासभर उभा राहणारा माणूस आहे हा.

"मला तसं आठवत नाही," छत म्हणालं.

त्या क्षणी मला जे कळलं ते कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. विक्षिप्तपणा ही चैन आहे आणि ज्याच्या हातात सही असते त्यालाच ती परवडते. खुर्ची नको, वही नको, दुसरं पान नको, कॅमेऱ्यात चेहरा नको. आम्ही सगळे याला गंमत समजत होतो. शेवटी हिशेब एवढाच निघाला की त्यांनी कधी काय म्हटलं याचा पुरावा जगात कुठेही नव्हता. मी तसं करून बघितलं असतं तर? परदेशातून आलेल्या बाईने अहवालाचं दुसरं पान लिहायला नकार दिला असता तर त्याला कुणी वल्ली म्हटलं नसतं. कामचुकार म्हटलं असतं.

मला एक वर्ष परत करायला लावलं, दुसऱ्या सुपरव्हायजरकडे. ते योग्यच झालं, मी तक्रार करत नाही. सरांना ‘नोंदी ठेवण्याबाबत’ एक पत्र गेलं. कोचचं क्लबने काय केलं ते मला कळवलं नाही. तो पुढच्या मोसमातही नदीकाठाने बोटीच्या बरोबरीने सायकल चालवत ओरडताना दिसायचा.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी उइटहॉर्नला गेले. सर बागेत गवत कापत होते. मला बघून त्यांनी मशिन बंद केलं. मी म्हटलं, "तुम्हाला आठवत होतं."

"हो."

इतकं सरळ ‘हो’ येईल असं मला वाटलं नव्हतं. मी घरून तयार करून आणलेली सगळी वाक्यं फुकट गेली.

"मग?"

ते गवताकडे बघत म्हणाले, "तो कोच आणि मी एका बोटीत सात वर्षं होतो. तू पहिल्यांदा सांगितलंस ना, त्याच संध्याकाळी मी त्याला फोन केला. म्हटलं, ही पोरगी सांभाळ, वजनाचं जरा कमी कर. तो म्हणाला, बघतो. मला वाटलं, बघेल."

मला क्षणभर अर्थच लागेना. मग लागला. तिने मला मंगळवारी सांगितलं, मी बुधवारी सरांना, सरांनी बुधवारी संध्याकाळी कोचला. आणि पुढच्या मंगळवारपासून ती मिटली. आतमध्ये कसलंही काम चालू नव्हतं. तिच्या कोचला तिचं गुपित कळलं होतं, आणि त्याने तिला ते ऐकवलं असणार.

"तुम्ही मला थांबायला सांगितलंत," मी म्हटलं. "स्वतः थांबला नाहीत."

"मला भीती वाटली," ते म्हणाले.

त्यावर मी जे बोलले ते मराठीत बोलले. ठरवून नाही. डच माझी कामाची भाषा, इंग्रजी शिक्षणाची. तोंडातून जे निघालं त्याला दोन्हींत जागा नव्हती. लाज नाही वाटत तुम्हाला, असं म्हणाले. त्या पोरीच्या हाडांचा भुगा झाला आणि तुम्ही इथे गवत कापताय, असं म्हणाले. बाबांच्या वेळी तुम्ही दारात उभे राहिलात म्हणून मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, ते तरी खरं होतं का, असंही विचारलं. शेजारची बाई कुंपणावरून बघायला लागली. सर ऐकत होते. शब्द कळत नव्हते तरी चेहरा पांढरा पडला होता. मी थांबल्यावर ते म्हणाले, "आता हेच डचमध्ये सांगशील?"

"नाही," मी म्हटलं आणि सायकलवर बसले.

ते पुढच्या वसंतात निवृत्त झाले. नियम सैल झाले होते, त्यामुळे बागेत मोठा निरोपसमारंभ झाला. भाषणं, गाणी, त्यांच्या गमतींची छापलेली पुस्तिका. वर्गातल्या मैत्रिणीने फोटो पाठवले. "तू का नाही आलीस गं? खो-खोची गोष्ट मीच सांगितली, सगळे खूप हसले." हे सगळं इंग्रजीत, ‘गं’ माझा. मी तिला अंगठा पाठवला.

ती मुलगी मला दोन वर्षांनी भेटली. मीच तिला लिहिलं होतं, भेटायचं नसेल तर उत्तर देऊ नकोस असं. तिने एका ओळीत उत्तर दिलं. ती नायमेखनला शिकत होती. स्टेशनजवळच्या एका कॅफेत आम्ही बसलो, आयुष्यात पहिल्यांदा एका टेबलावर. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच निघाली. लॅपटॉपवर ते कधी कळलंच नव्हतं. गालांवर रंग होता. तिने ॲपल पाय मागवला आणि सावकाश, प्रत्येक घास ठरवून, अर्धा खाल्ला. रोइंग सोडलं होतं. आता पोहते, म्हणाली, घड्याळ न लावता.

मी माफी मागितली. आईला सांगायला हवं होतं, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, असं म्हणाले.

"ते नाही," ती म्हणाली. "आईला सांगितलं असतंत तर मी तुमच्यावर चिडले असते, पण मला कळलं असतं. कोचना का सांगितलंत? गुरुवारच्या सरावानंतर त्यांनी मला एकटीलाच कॉलवर थांबवलं. म्हणाले, बाहेरच्या लोकांसमोर रडगाणं गायचं असेल तर तुझ्या जागी बोटीत बसायला दुसरी मुलगी आहे. त्यानंतर मी कुणालाच काही सांगितलं नाही. डॉक्टरलासुद्धा नाही."

दोन वर्षं मी जे सांगायची वाट बघत होते ते अखेर माझ्या तोंडात आलं. मी सांगितलंही. "मी नाही सांगितलं. माझ्या सरांनी सांगितलं. मी फक्त त्यांना बोलले होते, प्रशिक्षणाचा भाग म्हणून. त्यांनी फोन केला हे मला नंतर कळलं. तुझी शपथ."

तिने काटा बशीत ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणूनच मला तो चेहरा सहन होईना.

"मी तुमच्या सरांना ओळखत नाही," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं होतं."